‘एकेटी देऊन बघू’: आतड्याच्या निदानामागची पार्श्वभूमी

पोटाच्या उजव्या बाजूला, बेंबीच्या खाली दुखतं. जेवणानंतर तासाभरात कळ येते, गुडगुडतं, कपडे सैल होऊ लागतात. ॲसिडिटी, गॅस, जंत, ‘टेन्शन घेतेस म्हणून’ हे सगळं ऐकून झाल्यावर केव्हातरी कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, होते. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं नेमक्या त्याच जागी व्रण दिसतात. तुकडा तपासायला जातो आणि रिपोर्ट येतो: ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचे बारीक पुंजके) आहेत, टीबी किंवा क्रोन्स, लक्षणांशी ताडून पाहावे. आपल्याकडे पुष्कळ रुग्णांची गाडी इथेच अडते, आणि मग डॉक्टर म्हणतात, ‘एकेटी देऊन बघू’, म्हणजे टीबीचा उपचार सुरू करून पाहू.

दोन्ही आजारांची आवडती जागा एकच. ताप, वजन उतरणं, रक्त कमी होणं, अधूनमधून जुलाब, हेही दोन्हींत. उपचार मात्र एकमेकांच्या उलट. टीबीत जंतू मारायचे असतात. ठरावीक महिने गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो. क्रोन्समध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उठलेली असते, म्हणून तिला आवर घालायचा असतो, तोही बहुधा जन्मभर. टीबी असताना चुकून स्टेरॉइड दिलं तर तो अंगभर पसरू शकतो. क्रोन्स असताना टीबीच्या गोळ्या देत राहिलं तर आतलं दुखणं वाढत जातं आणि आतडं जागोजागी अरुंद होतं.

टीबीचा जंतू १८८२ साली सापडला. ग्लासगोच्या एका शल्यविशारदाने १९१३ मध्ये आतड्याच्या अशा काही रुग्णांची नोंद केली, ज्यांचं आतडं टीबीसारखं दिसत होतं पण जंतू काही मिळत नव्हता. गुरांच्या एका आतड्याच्या रोगाशी त्याने त्याचं साम्य दाखवलं. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या तिघा डॉक्टरांनी चौदा रुग्णांवरून हा वेगळा आजार असल्याचं मांडलं आणि त्यांच्यापैकी एकाचं, क्रोन यांचं, नाव त्याला चिकटलं. म्हणजे ‘टीबी नाही’ हे या आजाराच्या व्याख्येत पहिल्या दिवसापासून आहे. तिकडे पाश्चात्त्य देशांत पुढच्या दशकांत टीबी ओसरत गेला, त्यामुळे असे व्रण दिसले की आधी क्रोन्स आठवायचा. इकडे बरोबर उलटं झालं. क्रोन्स हा गोऱ्या, श्रीमंत देशांचा आजार, आपल्याकडे जवळजवळ नाहीच, असं डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या शिकत आल्या. जो आजार नाहीच म्हणून शिकवलाय, तो समोर आला तरी दिसणार कसा?

आता एका शब्दाबद्दल, कारण सगळा गुंता त्यात आहे. महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत टीबीला टीबी म्हणत नाहीत, ‘कॉक्स’ म्हणतात. जंतू शोधणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून आलेला हा शब्द. राउंडवर रुग्णासमोर बोलताना घरचे घाबरू नयेत, म्हणून तो वापरात रुळला. त्यामागे कणवही होती. ज्या घरात क्षय म्हटलं की ताट-वाटी वेगळी व्हायची आणि मुलीचं जमलेलं लग्न मोडायचं, तिथे हा आडपडदा लागायचाच. याच शब्दावरून उपचाराला ‘अँटी-कॉक्स ट्रीटमेंट’, म्हणजे एकेटी, हे नाव पडलं. देशात इतर बऱ्याच ठिकाणी एटीटी म्हणतात. आपल्याकडे केमिस्टपासून कंपाउंडरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकेटीच.

अडचण अशी की ‘ॲब्डॉमिनल कॉक्स’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात: पोटात पाणी होणं, पोटातल्या गाठी सुजणं, आणि खुद्द आतड्याला व्रण पडणं. पोटातलं पाणी काढून तपासलं तर त्यातल्या एडीए नावाच्या एन्झाइमच्या पातळीवरून बऱ्यापैकी खात्रीने बोलता येतं. आतड्याच्या व्रणांत तेवढी खात्री क्वचितच मिळते. तुकड्यात जंतू फार थोडे असतात, रंग देऊन पाहिलं तर बहुतेकदा दिसत नाहीत, कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहायची तपासणी, यायला सहा ते आठ आठवडे जातात. ग्रॅन्युलोमाच्या मधोमध पनीरसारखा मऊ पडलेला भाग, म्हणजे केसिएशन, दिसला तर टीबी पक्का धरतात, पण तो थोड्याच रुग्णांत दिसतो. तरीही केस पेपरवर तिन्हींसाठी शब्द एकच.

माझ्या धाकट्या बहिणीची फाइल माझ्याकडे आहे. २००८ च्या पहिल्या कागदावर डॉक्टरांनी ‘कॉक्स’च्या आधी ठळक प्रश्नचिन्ह काढलंय. दुसऱ्या रुग्णालयाच्या कागदावर ते बारीक होऊन शब्दाच्या मागे गेलंय. तिसऱ्या कागदावर, जो बहुधा पहिल्या दोन्हींवरून उतरवून घेतला असावा, प्रश्नचिन्हच नाही. मधल्या काळात एकही नवी तपासणी झालेली नव्हती. असं कुणी मुद्दाम करत नाही. बाहेर चाळीस माणसं रांगेत असताना जुना कागद बघून नवा लिहिला जातो, आणि शंकेचं निदान होऊन बसतं.

त्याच फाइलीत टीबीच्या रक्ततपासणीचा एक रिपोर्ट आहे, पॉझिटिव्ह. त्या वर्षांत खासगी लॅबमध्ये रक्तातली प्रतिपिंडं मोजून टीबी सांगणाऱ्या तपासण्या सर्रास होत. जागतिक पातळीवर २०११ मध्ये त्या भरवशाच्या नसल्याचं जाहीर झालं आणि जून २०१२ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. हातावर टोचून करायची मँटू टेस्टही इथे फारशी कामाची नाही, कारण आपल्यातल्या कितीतरी धडधाकट माणसांच्या शरीरात टीबीचा जंतू निपचित पडून असतोच. बंदी आली, पण आधीच्या त्या रिपोर्टांवर सुरू झालेले उपचार कुणी परत तपासले नाहीत. मला ही गोष्ट आजही लागते.

‘एकेटी देऊन बघू’ हे वाक्य ऐकायला जुनं वाटतं, पण तसं नाही. रिफॅम्पिसिन यायच्या आधी टीबीचा उपचार वर्ष-दीड वर्ष चालायचा, इंजेक्शनं असायची. एवढा उपचार नुसता बघायला कुणी देत नसे. रिफॅम्पिसिनमुळे मुदत सहा ते नऊ महिन्यांवर आली, चार औषधं गोळ्यांच्या एका पाकिटात मिळू लागली, आणि मग ‘देऊन बघणं’ परवडू लागलं. पहिल्या गोळीनंतर काही तासांत लघवी केशरी होते. ज्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं ते रक्त समजून हादरतात, आणि ज्यांना सांगितलेलं असतं त्यांना वाटतं, औषध लागू पडलं.

मुळात ही कल्पना चुकीची नाही, हे स्पष्ट लिहायला हवं. ज्या देशात टीबी इतका आहे तिथे आधी टीबीचा विचार करणं शहाणपणाचंच. क्रोन्ससाठी १९९८ मध्ये अमेरिकेत प्रतिकारशक्तीला आवर घालणारं पहिलं बायोलॉजिक इंजेक्शन मंजूर झालं, आणि २००१ पर्यंत लक्षात आलं की त्याने निपचित टीबी उसळून येतो. त्यामुळे खात्री नसताना थेट क्रोन्सचे जालीम उपचार सुरू करायला डॉक्टर धजत नाहीत, ते रास्तच आहे.

वाद आहे तो ‘बघू’ या शब्दावर. काय बघायचं? आणि कधी? बरीच वर्षं उत्तर होतं: रुग्णाला बरं वाटतंय का ते. पण क्रोन्सचा आजार मुळात भरती-ओहोटीचा आहे, मधले काही महिने आपोआप बरे जातात. शिवाय टीबीच्या काही औषधांचा आतड्यातल्या इतर जंतूंवरही परिणाम होतो. त्यामुळे क्रोन्सच्याही कितीतरी रुग्णांना एकेटीवर सुरुवातीला बरं वाटतं. वजन किलो-दोन किलो वाढतं, घरात पेढे येतात. सहाचे नऊ महिने होतात, नवाचे बारा. मग दुखणं उलटतं तेव्हा ‘रेझिस्टंट टीबी असेल’ म्हणून आणखी औषधं येतात, आणि आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकणारी.

खरी खूण निघाली ती आतल्या व्रणात. टीबी असेल तर दोन-तीन महिन्यांत व्रण भरू लागतात. क्रोन्समध्ये रुग्णाला बरं वाटलं तरी व्रण तसेच राहतात. भारतातल्या आणि आशियातल्या तज्ज्ञांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे पुन्हा पुन्हा दाखवून दिलं. २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पोटाच्या टीबीसाठी सहा महिन्यांची मुदत सांगितली, म्हणजे आपोआप लांबत जाणाऱ्या एकेटीला निदान कागदावर तरी कुंपण पडलं. जनुकीय तपासणी, म्हणजे सीबीनॅट, पॉझिटिव्ह आली तर फारच उत्तम, औषधाला दाद न देणारा टीबीही तीत कळतो. पण आतड्याच्या तुकड्यात ती निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही. सीटी स्कॅनमध्ये मध्यभागी काळपट दिसणाऱ्या गाठी टीबीकडे बोट दाखवतात. एवढं सगळं करूनही काही रुग्ण मधल्या कुंपणावरच राहतात.

दरम्यान मे २०१२ पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झालं. टीबीच्या नियंत्रणासाठी ते गरजेचंच होतं. पण ‘देऊन बघू’ म्हणून सुरू केलेली केसही त्या यादीत टीबी म्हणूनच चढते. पुढे निदान बदललं तरी आशाताई घरी विचारपूस करायला येऊन गेलेल्या असतात आणि शेजाऱ्यांना कळायचं ते कळलेलं असतं.

बहिणीची दुसरी कोलोनोस्कोपी अकराव्या महिन्यात झाली. दोन लिटर पाण्यात कालवलेली ती खारट पावडर रात्री ग्लासा-ग्लासाने पिताना ती एवढंच म्हणाली, ‘हे मी तिसऱ्याच महिन्यात प्यायले असते.’ व्रण होते तिथेच होते, आणि एका ठिकाणी आतडं इतकं अरुंद झालं होतं की दुर्बीण पुढे गेली नाही.

आता काही डॉक्टर एकेटीच्या पहिल्याच चिठ्ठीवर दोन महिन्यांनंतरच्या स्कोपीची तारीख घालून देतात. बाकीच्यांकडे ती रुग्णाला मागून घ्यावी लागते. तालुक्याच्या गावातून त्यासाठी पुण्या-मुंबईला यायचं तर दोन दिवसांची रजा, एक सोबतीचं माणूस आणि रात्री राहायची सोय लागते. आणि ज्याला बरं वाटतंय त्याला हे सगळं कशासाठी करायचं ते समजावून सांगणारं कुणीतरी लागतं.