जुनी तारीख, नवी तारीख आणि सरसकट तेरा

रशियन इतिहासावरचा मराठी लेख असो की व्हिडिओ, एक वाक्य ठरलेलं: “ऑक्टोबर क्रांती खरी नोव्हेंबरातली, कारण रशियाचं कॅलेंडर तेरा दिवस मागे होतं.” १९१७ पुरतं हे अगदी बरोबर. २५ ऑक्टोबर म्हणजे ७ नोव्हेंबर, वादच नाही. वैताग येतो तो पुढे. हे तेरा एकदा हाताला लागले की कवी पुश्किनचा जन्म, नेपोलियनची स्वारी, झार पीटरच्या लढाया, सगळ्यांना सरसकट ठोकले जातात. १९०० च्या आधीच्या एकाही घटनेला ते लागू नाहीत.

नवी पद्धत, म्हणजे ग्रेगोरियन, आपल्या भिंतीवरच टांगलेली आहे. तिच्यावर शाई खर्च करत नाही. जुनी म्हणजे ज्युलियन. दोन्हींत महिने तेच, वारही तेच. नियमाचा फरक एकच: जुनीत दर चौथं वर्ष लीप, सूट कुणालाच नाही, नवीत शतकाचं वर्ष ४०० ने भागलं जात नसेल तर ते लीप नाही.

म्हणजे अंतर वाढतं ते फक्त १७००, १८००, १९०० अशा वर्षी, जेव्हा जुनीत २९ फेब्रुवारी असतो आणि नवीत नसतो. १६०० आणि २००० दोन्हीकडे लीप, त्यामुळे तेव्हा काही हललं नाही. हिशेब असा बसतो: १५८२ पासून, म्हणजे नवी पद्धत सुरू झाली तेव्हापासून, १७०० च्या फेब्रुवारीपर्यंत १० दिवस, मग अठराव्या शतकाला ११, एकोणिसाव्याला १२, विसाव्याला आणि एकविसाव्याला १३. जंत्री हाताशी नसली तरी एवढं पाठ असलं की भागतं.

एक बारीक खोच आहे. काटा १ जानेवारीला सरकत नाही, जुन्या १ मार्चला सरकतो. स्टालिनग्राडचा सेनानी चुइकोव जन्मला जुन्या ३१ जानेवारी १९०० ला. वर्ष १९०० दिसलं म्हणून १३ मिळवाल तर १३ फेब्रुवारी येईल आणि ते चूक. तेव्हा अंतर अजून १२ च होतं, म्हणून १२ फेब्रुवारी.

आता खरा घोळ. तेरा मिळवणारे लोक गणितात कच्चे नसतात. ते दोन वेगळे प्रश्न एकच समजतात. पहिला प्रश्न: घटना घडली त्या दिवशी व्हिएन्नातल्या माणसाच्या कॅलेंडरात कुठली तारीख होती? दुसरा: जुन्या कॅलेंडरातली तीच तारीख यंदा आपल्या कॅलेंडरात कधी येते? पहिल्याचं उत्तर घटनेच्या शतकावर ठरतं आणि कायमचं ठरतं. दुसऱ्याचं उत्तर आपण कुठल्या शतकात बसून विचारतोय त्यावर ठरतं, आणि दर शे-दोनशे वर्षांनी बदलतं. शिवजयंती तारखेनं की तिथीनं, हा वाद ज्यानं ऐकलाय त्याला हे निराळं समजावून सांगायला नको.

पुश्किनचं उदाहरण घेऊ. जन्म २६ मे १७९९, जुनी. घटना अठराव्या शतकातली, अंतर ११, म्हणून नवी तारीख ६ जून. इथे दोन प्रकारचे लोक घसरतात. काही जण ‘पुश्किन म्हणजे एकोणिसावं शतक’ अशा हिशेबानं १२ मिळवून ७ जून लिहितात, तर काही जण १३ मिळवून ८ जून. गंमत अशी की ७ जूनही कधीकाळी एका अर्थानं खरा होता: १८९९ साली जन्मशताब्दीचा २६ मे उजाडला तेव्हा व्हिएन्नात ७ जून होता. आज जुन्या कॅलेंडरातला २६ मे येतो ८ जूनला. पण पुश्किन जन्मला त्या दिवशी व्हिएन्नात ६ जूनच होता, आणि चरित्रात लिहायची ती हीच तारीख. त्याच्या मृत्यूला मात्र १२: २९ जानेवारी १८३७ म्हणजे १० फेब्रुवारी. एकाच माणसाच्या जन्माला ११ आणि मृत्यूला १२, यात विसंगती काही नाही.

रशियन ऑर्थोडॉक्स चर्च आजही जुन्या कॅलेंडरानं चालतं आणि ते नेहमी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं. २५ डिसेंबरचा नाताळ ७ जानेवारीला येतो तो असा. संत तेराव्या शतकातला असो की विसाव्या, त्याच्या सणाला आज १३ च मिळवायचे, कारण विचारायचं असतं यंदाचं. चर्चपुरतं हे निर्दोष आहे. (२१०० च्या जुन्या १ मार्चपासून अंतर १४ होईल, मग नाताळ ८ जानेवारीवर जाईल.) चर्चची ही रीत उचलून इतिहासाच्या पुस्तकात आणली की मात्र वाट लागते.

आणि ती खुद्द रशियाच्या कायद्यात आणली गेली आहे. १३ मार्च १९९५ चा लष्करी गौरवदिनांचा कायदा पाहा. बोरोदिनोची लढाई २६ ऑगस्ट १८१२, अंतर १२, म्हणजे ७ सप्टेंबर. समोरच्या फ्रेंच बाजूलाही हीच तारीख आहे. कायदा म्हणतो ८ सप्टेंबर. स्वीडनविरुद्धची पोल्टावाची लढाई २७ जून १७०९, अंतर ११, म्हणजे ८ जुलै. कायद्यात १० जुलै. तुर्कांचा इझमाईलचा किल्ला पडला ११ डिसेंबर १७९० ला, म्हणजे २२ डिसेंबर, कायद्यात २४. सिनोपची आरमारी लढाई १८ नोव्हेंबर १८५३, म्हणजे ३० नोव्हेंबर. कायद्यात १ डिसेंबर. सगळीकडे आंधळेपणानं तेरा. गौरवदिन कधी पाळायचा ते सरकारनं खुशाल ठरवावं. पण तो ‘लढाईचा दिनांक’ म्हणून लेखात उतरवू नये, आणि इंटरनेटवर नेमकं तेच उतरवलेलं सापडतं.

पोल्टावाला आणखी एक फाटा आहे. स्वीडननं १७०० ते १७१२ एक स्वतःचंच कॅलेंडर चालवलं, ज्युलियनच्या एक दिवस पुढे. त्यामुळे स्वीडिश कागदात ही लढाई २८ जूनची. २७ जून, २८ जून आणि ८ जुलै हा एकच दिवस.

१५८२ च्या आधीच्या तारखा तर बदलूच नयेत. तेव्हा ग्रेगोरियन कॅलेंडर अस्तित्वातच नव्हतं, मग रूपांतर कशात करणार? कुलिकोवोची लढाई ८ सप्टेंबर १३८०, बस. कायद्यातला २१ सप्टेंबर हा चर्चच्या हिशेबाचा. गणितानं मागे गेलात तर तेव्हाचं अंतर ८ दिवसांचं, म्हणजे १६ सप्टेंबर. यातलं काहीही मजकुरात घुसडलं की वाचकाचा गोंधळ तेवढा वाढतो.

१५८२ ते १७०० मधल्या रशियाबद्दल वाद घालणाऱ्या मराठी माणसानं आधी घरात पाहावं. १९ फेब्रुवारी १६३० ही शिवजन्माची तारीख ज्युलियन आहे. ग्रेगोरियन १ मार्च. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तशीच. ग्रेगोरियन १६ जून. मुंबईचे इंग्रज जुनी तारीख लिहीत, गोव्याचे पोर्तुगीज नवी. एकाच घटनेच्या दोन पत्रांत दहा दिवसांचा फरक दिसला तर लगेच कुणाला खोटं ठरवू नये.

वर्षाचा गुंता त्या मानानं सोपा. पीटरच्या हुकुमापर्यंत रशियात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचं वर्ष चालायचं आणि ते १ सप्टेंबरला बदलायचं. जानेवारी ते ऑगस्टच्या तारखेतून ५५०८ वजा करायचे, सप्टेंबर ते डिसेंबरच्या तारखेतून ५५०९. झार चौथ्या इव्हानचा राज्याभिषेक १६ जानेवारी ७०५५, म्हणजे १५४७. कझान पडलं २ ऑक्टोबर ७०६१ ला, म्हणजे १५५२. सतराव्या शतकातल्या सरकारी कागदात हजाराचा आकडा बरेचदा गाळलेला असतो. ‘१५७ साली’ म्हणजे ७१५७. ७२०८ हे वर्ष १ सप्टेंबरला सुरू झालं आणि चारच महिन्यांत संपवलं गेलं; ३१ डिसेंबरनंतर आला १ जानेवारी १७००. पीटरनं वर्षाचा आकडा आणि आरंभ बदलला, कॅलेंडर ज्युलियनच ठेवलं. ‘पीटरनं युरोपचं कॅलेंडर आणलं’ हे वाक्य त्यामुळे अर्धंच खरं. जुन्या इतिवृत्तांत तर वर्ष मार्चपासूनही धरलेलं असतं, तेही दोन तऱ्हांनी. तिथे आकडा वजा करण्याआधी तो मजकूर कुठल्या पद्धतीचा आहे हे ठरवावं लागतं.

कॅलेंडर खरं बदललं ते लेनिनच्या सरकारनं. २४ जानेवारी १९१८ च्या हुकुमानं ३१ जानेवारीनंतरचा दिवस १४ फेब्रुवारी ठरला. १ ते १३ फेब्रुवारी १९१८ या तारखा सोव्हिएत रशियात नाहीतच. त्या दिवसांत फेडायच्या देण्यांची मुदत १३ दिवस पुढे ढकलली गेली. तशा तारखेचा कागद हाती आला तर तो जुन्या पद्धतीनं लिहिणाऱ्या माणसाचा, परदेशातला, किंवा सोव्हिएत अंमलाबाहेरचा. हुकुमात असंही होतं की १ जुलैपर्यंत नव्या तारखेपुढे कंसात जुनी लिहावी. रशियन कोशांत नेमकं उलटं: आधी जुनी, कंसात नवी. कंसाबाहेरची तारीख कुठली हे कागदागणिक बदलतं. खूण एवढीच की दोन्हींतली पुढची ती नवी.

कागदावर कुठलीच खूण नसेल तर वार पाहा. वार दोन्हींत एकच असल्यानं तो चुगली करतो. पदच्युत झार निकोलस दुसरा याची कैदेतली रोजनिशी हे त्याचं उत्तम उदाहरण. १ फेब्रुवारी १९१८ ला, सायबेरियातल्या तोबोल्स्कमध्ये, तारीख बदलण्याचा हुकूम आल्याचं कळलं असं तो लिहितो आणि गैरसमज-घोटाळ्यांना आता अंत राहणार नाही असं वैतागून नोंदवतो. त्याची शेवटची नोंद ३० जून, शनिवार. त्याला मारलं १७ जुलैच्या पहाटे. वरवर पाहता मधे अडीच आठवडे कोरे जातात, आणि ‘त्यानं लिहिणं का सोडलं’ यावर तर्कांचे इमले उभे राहतात. पण नव्या पद्धतीचा ३० जून १९१८ रविवार होता. शनिवार येतो तो १३ जुलैला. म्हणजे नोंद जुन्या तारखेची आणि कोरे दिवस तीनच.

वाराच्या कसोटीला एक जागा अपवाद: अलास्का. रशियाकडून अमेरिकेकडे जाताना तिथे शुक्रवार ६ ऑक्टोबर १८६७ नंतर पुन्हा शुक्रवारच आला, १८ ऑक्टोबर, कारण कॅलेंडराबरोबर तारीखरेषाही सरकली.

लिहिताना शिस्त साधी ठेवावी. रशियातल्या अंतर्गत घटना १४ फेब्रुवारी १९१८ पर्यंत जुन्या तारखेनं, तसं सुरुवातीला एकदा सांगून. तह, युद्ध, राजदूतांची पत्रं इथे दोन्ही तारखा. फिनलंड झारच्या राज्यात असूनही नवीच पद्धत वापरायचा, तेव्हा हेलसिंकीच्या कागदाला काही मिळवू नये. युक्रेनच्या ‘मध्यवर्ती राडा’नं, म्हणजे तिथल्या संसदेनं, स्वतंत्रपणे १६ फेब्रुवारी १९१८ ला १ मार्च केलं. यादवी युद्धात दक्षिणेकडचे श्वेत, म्हणजे बोल्शेविकविरोधी, सेनानी जुन्या तारखाच लिहीत राहिले: देनिकिनचा मॉस्कोवर चाल करण्याचा आदेश २० जून १९१९ चा, म्हणजे ३ जुलैचा. लाल, म्हणजे बोल्शेविक, बाजूचे कागद त्याच आठवड्यात नव्या तारखेचे. दोन्ही गठ्ठे एकत्र लावताना श्वेतांच्या प्रत्येक कागदावर आधी पेन्सिलनं नवी तारीख टाकून घ्यावी आणि मगच क्रम लावावा.