मानेची चक्कर आणि सुईचं टोक

चक्कर येते म्हणणाऱ्याला आधी विचारायचं: घर फिरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना झोक जातो? घर गरगरत असेल तर संशय आतल्या कानावर. अंधारी आली तर रक्तदाब, हृदय किंवा रक्तातली साखर. मानेमुळे येणारी चक्कर, जिच्यावर अ‍ॅक्युपंक्चर (अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याचा चिनी उपचार) केलं जातं, बहुधा तिसऱ्या जातीची असते. डोकं तरंगल्यासारखं होतं, पाऊल ठाम पडत नाही. मान दुखू लागली की हे सुरू होतं आणि मान वळवली की वाढतं.

कवटीच्या बुडाशी काही छोटे, खोल स्नायू आहेत. स्वतःचा ताण मोजणारे सूक्ष्म संवेदक त्यांच्यात दाटीवाटीने बसलेले असतात. डोकं धडाच्या मानाने किती वळलं, ही खबर ते मेंदूला पोचवतात. डोळे आणि कानही डोक्याच्या हालचालीची खबर देत असतात. स्नायू आखडले की मानेची खबर चुकते आणि तिघांचा हिशेब जुळेनासा होतो. 'शीर दबून मेंदूला रक्त कमी पडतं' हे आपल्याकडचं आवडतं स्पष्टीकरण, पण तसं घडतं क्वचित. एक्स-रेमधल्या झिजेवरूनही निदान ठरत नाही. पन्नाशीनंतर ती चक्कर नसलेल्या मानांतही सर्रास दिसते.

एक साधी चाचणी उपयोगी पडते. कपाळाच्या पट्टीवर लेझरचा दिवा बांधून रुग्णाला भिंतीपासून ९० सेंमीवर बसवायचं. ठिपका पडेल तिथे खूण करायची. डोळे मिटून त्याने मान पूर्ण वळवायची आणि अंदाजाने परत मध्यावर आणायची. ठिपका खुणेपासून पुन्हा पुन्हा ७ सेंमीहून जास्त, म्हणजे साधारण साडेचार अंशांनी, चुकला तर मानेचं दिशाभान बिघडलंय. त्याआधी कान तपासलेला हवा. बिछान्यात कूस बदलताना मिनिटभराच्या आत थांबणारी गरगर असेल, तर कानातले कॅल्शियमचे कण जागेवरून सरकलेले असतात. ते डोकं ठरावीक क्रमाने फिरवून काही मिनिटांत जागी नेता येतात. तिथे महिनाभर सुया टोचणं व्यर्थ आहे. हा त्रास अनेकदा आपोआप ओसरतो आणि श्रेय मात्र सुईला मिळतं.

अचानक मानेत कधी न झालेली तीव्र कळ, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळता न येणं, चेहरा किंवा हात बधिर होणं: यातलं काहीही चक्करेसोबत आलं तर सुई नाही, थेट रुग्णालय.

मानेच्या चक्करेत सर्वाधिक वापरला जाणारा बिंदू फेंगची, म्हणजे 'वाऱ्याचं तळं'. आपल्याकडे जसा वात, तसा चिनी वैद्यकात वारा, आणि चक्कर त्याच्याच नावावर. कानामागून बोट मागे सरकवलं की कवटीच्या कडेखाली, मानेच्या दोन ठळक स्नायूंच्या मधे एक खळगा लागतो, तीच जागा. सुई ०.२५ मिमी जाडीची, निर्जंतुक, एकदाच वापरायची. खोली ०.८ ते १.२ त्सुन. त्सुन म्हणजे रुग्णाच्याच अंगठ्याची सांध्यापाशी असलेली रुंदी, त्यामुळे बारीक मानेला माप आपोआप कमी होतं. टोक नाकाच्या शेंड्याकडे, किंचित खाली. ही दिशा पाळावीच लागते, कारण वर-आत खोल गेलेली सुई मेंदूच्या देठापर्यंत किंवा मणक्यालगतच्या धमनीपर्यंत पोचू शकते. खांद्यावरच्या जिआनजिंग बिंदूखाली फुप्फुसाचं टोक असतं. तिथे सरळ खोल टोचल्याने फुप्फुसाला छिद्र पडल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत.

सुई बसली की जड, भरून आल्यासारखं वाटतं. विजेसारखी कळ गेली तर ती लगेच मागे घ्यायची. सुया २० ते ३० मिनिटं ठेवतात, रुग्णाला झोपवूनच. पहिल्या खेपेला काहींना सुईनेच भोवळ येते, आणि चक्करेच्या रुग्णात ती कुठली हे ओळखणं अवघड होऊन बसतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडू देऊ नका.

गुण येतो का? मानदुखी काही काळ कमी होते, याला बऱ्यापैकी आधार आहे. चक्करेबाबतचे प्रयोग मुख्यतः चीनमधले, बरेचसे लहान, आणि सुई खरी की खोटी हे रुग्णाला कळणार नाही अशी काळजी सगळ्यांत घेतलेली नाही. त्यामुळे सुईने आखडलेली मान सैल करून घ्यायची आणि त्या मोकळ्या अवधीत व्यायाम करायचा, हाच वापर मला पटतो. व्यायाम म्हणजे तोच लेझर: डोळे उघडे ठेवून ठिपका खुणेवर आणा, मग डोळे मिटून, दोन्ही बाजूंना. नुसतं टोचून घेतलं तर दिशाभान सुधारेलच असं नाही.

चार-पाच बैठकांनंतर चाचणी पुन्हा करा. ठिपका होता तिथेच चुकत असेल आणि झोकही तसाच असेल, तर सुया वाढवून घेऊ नका. कान पुन्हा तपासायला जा.