शेतातून आलेले इंजिन : अमेरिकेच्या डिझेल पिकअपची पार्श्वभूमी

टेक्सास किंवा मोंटानाच्या महामार्गावर हे दृश्य नेहमीचे. पुढे चार दारांची पिकअप, मागच्या अॅक्सलला दोन्ही बाजूंनी जोडटायर आणि तिच्यामागे गुरांनी भरलेला लांबलचक ट्रेलर. चाकामागे बसलेला माणूस पेशाने ट्रकचालक नसतो. ज्याची गुरे, तोच गाडी हाकतो, आणि संध्याकाळी ट्रेलर सोडून त्याच गाडीने किराणा आणायला जातो. आपल्याकडे पिकअप म्हटले की हौद्यात दीड टन कांदा भरून बाजार समितीकडे निघालेली गाडी आठवते. या अमेरिकी गाडीचे मुख्य काम निराळे : हौद्यात ठेवायचे त्याच्या कितीतरी पट मागे ओढायचे. फोर्डच्या सर्वांत ताकदवान पिकअपची जाहीर ओढक्षमता आज 40 हजार पौंड आहे, म्हणजे 18 टनांहून जास्त.

ही ताकद मोटारीच्या इंजिनातून वाढत वाढत आली, असे समजणे चूक ठरेल. मोटारीच्या इंजिनाच्या साच्यातून डिझेल काढायला गेलेल्यांचे हात पोळले. ज्यांनी शेतावरचे आणि ट्रकचे इंजिन उचलून पिकअपच्या बॉनेटखाली बसवले, त्यांची गाडी चालली. हा सगळा इतिहास मला या एका गोष्टीभोवती फिरताना दिसतो.

पिकअप स्वतः जुनी. फोर्डने 1925 मध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा लावून ती 281 डॉलरला विकायला काढली. पुढे वजनाच्या पायऱ्या पडल्या : अर्धा टन, पाऊण टन, एक टन. फोर्डचे 150, 250, 350 आणि इतरांचे 1500, 2500, 3500 हे आकडे त्याच पायऱ्यांचे वारस आहेत. त्यांचा खऱ्या वजनाशी संबंध कधीच सुटला, तरी शेतकरी अजून ‘पाऊण टनी’, ‘एक टनी’ असेच बोलतो. या साऱ्या गाड्या पेट्रोलवर चालत. इंधन स्वस्त होते आणि आठ सिलिंडरचे मोठे इंजिन तहानलेले असले तरी कुणाची तक्रार नव्हती.

1973 आणि 1979 च्या तेलसंकटांनी ती स्वस्ताई संपवली. डॉजने 1978 साली मित्सुबिशीचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन पिकअपमध्ये देऊन पाहिले, पण ते फारसे खपले नाही. त्याच वर्षी जनरल मोटर्सने ओल्डस्मोबाइल विभागाचे 5.7 लिटरचे डिझेल आणले. त्याचा ब्लॉक जाड केला होता, पण मापे पेट्रोल इंजिनाचीच ठेवली होती. जुनीच यंत्रसामग्री वापरता यावी हा हिशेब. हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्टही त्याच संख्येने आणि त्याच जागी. डिझेलमध्ये हवा पेट्रोल इंजिनाच्या अडीच-तीन पट दाबली जाते. तो दाब त्या बोल्टांना पेलेना. हेड उचलले जाई, गॅस्केट फुटे, पाणी सिलिंडरमध्ये शिरे. त्यात इंधनातले पाणी वेगळे करणारी सोयही दिलेली नव्हती, त्यामुळे पंप गंजत. 1985 मध्ये ही इंजिने बंद झाली, पण तोवर अमेरिकी मोटार-ग्राहकाच्या मनातून डिझेल उतरले होते.

1982 मध्ये जनरल मोटर्सने डेट्रॉइट डिझेल या आपल्याच विभागाकडून घडवलेले 6.2 लिटरचे इंजिन आणले. ते सरळमार्गी आणि काटकसरी होते, पण ओढायला मऊ : 130 अश्वशक्ती आणि सुमारे 325 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचे बळ. फोर्डने आणखी पुढचा रस्ता धरला. ट्रॅक्टर आणि ट्रक बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचे 6.9 लिटरचे व्ही-8 डिझेल त्यांनी 1983 च्या मॉडेलमध्ये घेतले. 170 अश्वशक्ती, 425 न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क. ट्रेलर ओढणाऱ्यांनी हे इंजिन आपले म्हटले. वजन ओढण्यासाठी आधीपासून घडलेले इंजिन पिकअपमध्ये बसले, ते इथे.

मग आले 1989, आणि इथे मला थांबावेसे वाटते.

इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी क्लेसी कमिन्स हा डब्ल्यू. जी. अर्विन या बँकमालकाची मोटार चालवायचा. यंत्रांत त्याचा हात बसलेला होता. अर्विनच्या पैशावर 1919 मध्ये कमिन्स इंजिन कंपनी उभी राहिली. डिझेल म्हणजे बोटीचे किंवा कारखान्यातले अवजड धूड, हा समज मोडण्यासाठी क्लेसीने 1929 च्या नाताळात जुन्या पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवून अर्विनला फिरवून आणले. काही दिवसांतच तीच गाडी इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनापर्यंत नेली. इंधनाचा खर्च आला 1 डॉलर 38 सेंट. 1931 च्या इंडियानापोलिस 500 शर्यतीत कमिन्सची डिझेल गाडी एकदाही न थांबता 500 मैल धावली आणि तेरावी आली.

पण पिकअपमध्ये आलेले इंजिन त्याच्या कितीतरी नंतरचे, बी सिरीजचे. ते कमिन्सने जे. आय. केस या शेतीयंत्रांच्या कंपनीबरोबर मिळून तयार केले. ट्रॅक्टर, खोदकामाची यंत्रे, मध्यम ट्रक अशा सगळ्यांसाठी ते होते. 5.9 लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर, 102 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 120 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव). क्रँकला सात बेअरिंगांचा आधार. पट्टा नाही, साखळी नाही, टायमिंग सगळे दातेरी चाकांवर. वजन जवळजवळ अर्धा टन. डॉजची पिकअप तेव्हा दिसायला जुनाट झाली होती, बाजारात फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या शेवरलेच्या खूप मागे पडली होती. त्या म्हाताऱ्या गाडीत हे इंजिन बसले : 160 अश्वशक्ती, पण टॉर्क 542 न्यूटन-मीटर, आणि तोही मिनिटाला 1,700 फेऱ्यांच्या आसपास. वर जादा हवा कोंबणारा टर्बो, आणि इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाणारे. फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या डिझेल पिकअपमध्ये तेव्हा यातले काहीच कारखान्यातून मिळत नव्हते.

अश्वशक्तीने गाडी पळते आणि टॉर्कने ओढते, असे म्हणतात. ते भौतिकशास्त्रात काटेकोर बसत नाही, पण घाट चढवणाऱ्याचा अनुभव त्यात आहे. सहा-सात टन मागे असताना चढावर पेट्रोल इंजिनाला खालचा गिअर टाकून आरडाओरड करत वर जावे लागते. हे डिझेल कमी फेऱ्यांवर, त्याच सुरात चढते. लांब स्ट्रोक, जबर दाब आणि टर्बोने कोंबलेली हवा यांतून ते बळ येते.

इंजिनाइतकाच महत्त्वाचा आहे भार कुठे पडतो हा प्रश्न. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांची पकड सुटते. ट्रेलरचेही तसेच. मागच्या हुकाला जोडलेल्या ट्रेलरच्या वजनातला दहा ते पंधरा टक्के भार पुढे, जोडावर यावा लागतो. नाहीतर तो वेगात शेपटीसारखा डोलू लागतो आणि गाडीला घेऊनच उलटतो. म्हणून जड ट्रेलरचा जोड हौद्यात, मागच्या अॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे घेतला. गूजनेक आणि फिफ्थ व्हील हे त्याचे दोन प्रकार. तिथे पडणारा भार आणखी जास्त, म्हणून जोडटायर, म्हणून जाड चासी. उतारावर तर इंजिनाच्या बळापेक्षा ब्रेकची परीक्षा असते. डिझेलला पेट्रोलसारखे स्वतःहून इंजिन-ब्रेकिंग मिळत नाही, त्यामुळे धुराची वाट अडवून गाडी आवरणारा एक्झॉस्ट ब्रेक ही पुढे या गाड्यांची मोठी सोय ठरली.

महाराष्ट्राचा या कहाणीतला धागा खरा आणि जवळचा आहे. कमिन्सने 1962 मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू केली. कोथरूडचा कारखाना पुणेकरांच्या दोन पिढ्यांना ठाऊक आहे. पुढे टाटांबरोबर 1993 मध्ये टाटा कमिन्स झाली. जमशेदपूरला आणि नंतर सातारा जिल्ह्यात फलटणला तिचे कारखाने उभे राहिले. आपल्या रस्त्यांवर टाटाचे कितीतरी ट्रक ज्या 5.9 लिटरच्या कमिन्सवर धावले, ते याच बी सिरीजचे. अमेरिकेत शेतकऱ्याच्या पिकअपमध्ये, इथे ऊस-सिमेंटच्या ट्रकमध्ये.

1989 नंतर बाकीच्यांना स्वस्थ बसता येईना. इंटरनॅशनल हार्वेस्टरचे नाव एव्हाना नॅव्हिस्टार झाले होते. त्यांच्याकडून फोर्डने 1994 मध्ये 7.3 लिटरचे थेट फवारणीचे पॉवर स्ट्रोक आणले. हेच इंजिन वेगळ्या नावाने शाळेच्या बसमध्येही असे. जनरल मोटर्सने इसुझूबरोबर ओहायोत कारखाना काढून 2001 च्या मॉडेलसाठी 6.6 लिटरचे ड्युरामॅक्स दिले, जोडीला ट्रक-बसवाल्यांच्या ओळखीचा अॅलिसन गिअरबॉक्स. आकड्यांची चढाओढ तिथून थांबलीच नाही. 2019 मध्ये रॅमने (डॉजच्या पिकअपचे पुढचे नाव) 1,000 फूट-पौंड, म्हणजे 1,356 न्यूटन-मीटर गाठले. 2023 मध्ये फोर्ड 1,200 फूट-पौंडांवर, म्हणजे 1,627 न्यूटन-मीटरवर पोहोचली.

या वाढीला कायद्यानेही हात दिला. 1964 पासून परदेशी हलक्या ट्रकवर 25 टक्के आयातशुल्क आहे, त्यामुळे अवजड पिकअपची घरची बाजारपेठ फोर्ड, जनरल मोटर्स आणि डॉज या तिघांच्याच ताब्यात राहिली. शिवाय भारासह एकूण वजन 8,500 पौंडांवर, म्हणजे सुमारे 3,855 किलोवर गेले की मोटारींसाठीचे इंधनबचतीचे नियम कित्येक दशके लागूच होत नव्हते. अवजड पिकअप या सवलतीच्या सावलीत वाढली, हे ओढक्षमतेचे कौतुक करणाऱ्यांनीही मान्य करायला हवे.

त्या सावलीतून बाहेर येताना त्रास झाला. 2003 चे फोर्डचे 6.0 लिटरचे इंजिन कडक होणाऱ्या प्रदूषण-नियमांच्या तोंडावर आले आणि एक्झॉस्ट थंड करणारा कूलर, हेड गॅस्केट यांच्या तक्रारींनी बदनाम झाले. वॉरंटीच्या खर्चावरून फोर्ड आणि नॅव्हिस्टार 2007 मध्ये कोर्टात गेले, आणि 2011 च्या मॉडेलपासून फोर्डने 6.7 लिटरचे स्वतःचे इंजिन बसवले. दरम्यान 2006 पासून डिझेलमधले गंधक 15 पीपीएमवर, म्हणजे दहा लाखांत 15 भागांवर, आणले गेले, 2007 पासून काजळी अडवणारी गाळणी आली, 2010 च्या नियमांनी धुरातले नायट्रोजन ऑक्साइड वायू कमी करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी आणली. काही मालकांनी हे सगळे कापून काढले. दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण-यंत्रणा काढली गेली, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2020 मध्ये मांडला. रस्त्याकडेला चालणाऱ्या पोराच्या तोंडावर मुद्दाम काळा धूर सोडण्यात कुणाला पराक्रम वाटत असेल, तर ओढण्याच्या कष्टाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

सर्वांत जास्त वाईट वाटते ते कमिन्सचे. 2013 ते 2023 च्या रॅम पिकअपमधल्या इंजिनांत प्रदूषण-नियंत्रण चुकवणारी किंवा न सांगितलेली सॉफ्टवेअर बसवल्याच्या आरोपावरून कंपनीने डिसेंबर 2023 मध्ये 167.5 कोटी डॉलरचा दंड भरायला मान्यता दिली. स्वच्छ हवा कायद्याखालचा तो तोवरचा सर्वांत मोठा दिवाणी दंड होता. आरोप सुमारे साडेनऊ लाख गाड्यांबाबत होता.

डिझेलसाठी आज पिकअपच्या किमतीवर जवळपास 10 हजार डॉलर जास्त मोजावे लागतात. गाळणी आणि युरियाची देखभाल वेगळी. म्हणून 2020 च्या मॉडेलपासून फोर्डने अवजड पिकअपसाठी 7.3 लिटरचे नवे पेट्रोल इंजिन दिले. ज्यांचा ट्रेलर मध्यम आणि पल्ला लहान, त्यांना ते पुरते. दहा-बारा टन मागे लावून रॉकी पर्वत ओलांडणारा अजून डिझेलच मागतो. त्याच्यासाठी 2025 च्या रॅममध्ये 1,458 न्यूटन-मीटरचे कमिन्स आहे : 6.7 लिटर, आणि सहा सिलिंडर अजूनही एकाच ओळीत.