पोहे, वय आणि क्रामेरचा व्ही

इंदूरच्या आमच्या घरात रविवारी सकाळी दोन तट पडतात. आजीला फोडणीचे, वरून ओलं खोबरं भुरभुरलेले कांदेपोहे लागतात. नातवंडांना हवे असतात ते ठेल्यावरचे, वाफेवर ठेवलेले, शेव आणि जीरावन मसाला घातलेले. सोबत जलेबी. (‘जिलबी’ म्हटलं की पोरं हसतात.) ‘वयावर असतं सगळं,’ आजी म्हणते. असेल, पण कितपत?

इथे सरासरी काढून भागत नाही, कारण कांदेपोहे अधिक इंदुरी पोहे भागिले दोन असा पदार्थ नाही. हाती असतात ती नुसती डोकी. समजा, गल्लीतल्या १०० जणांना विचारलं. पन्नाशीपुढच्या ५० पैकी ३५ जण कांदेपोह्यांचे निघाले, तिशीच्या आतल्या ५० पैकी १५च. बाकीचे सगळे इंदुरीवाले. वयाचा काहीच संबंध नसता, तर तक्त्याच्या चारही खणांत २५-२५ जण आले असते. प्रत्येक खणात फरक पडला १० चा. त्याचा वर्ग १००, त्याला २५ ने भागलं की ४. चार खणांचे मिळून १६. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सननं १९०० साली मांडलेला काय-वर्ग (χ²) तो हाच. एवढ्या छोट्या तक्त्यात तो ३.८४ च्या वर गेला की ‘हा निव्वळ योगायोग नसावा’ असं मानायचा रिवाज आहे.

म्हणजे संबंध घट्ट? इथे भलेभले फसतात. याच प्रमाणात १००० जण घ्या, काय-वर्ग १६० होतो. आवडीनिवडी जिथल्या तिथे, आकडा मात्र दहापट! तो गर्दीबरोबर फुगतो.

ही फूग स्वीडनच्या हॅराल्ड क्रामेरनं १९४६ मध्ये काढली. काय-वर्गाला माणसांच्या संख्येनं भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. (तक्ता मोठा असेल तर ओळी आणि रकाने यांत जे कमी, त्यातून एक वजा करून वर्गमुळाआधी त्यानंही भागायचं.) हाच क्रामेरचा व्ही. १०० जण असोत की १०००, उत्तर ०.४. शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पक्का. उलट १०,००० जणांत (निम्मे थोर, निम्मी पोरं) कांदेपोह्यांना थोरांचा कौल ५१ टक्के आणि पोरांचा ४९ टक्के असला, तर काय-वर्ग ४ येतो, म्हणजे रिवाजाप्रमाणे संबंध ‘सिद्ध’. व्ही मात्र जेमतेम ०.०२.

‘०.४ म्हणजे किती रे?’ आजीचा प्रश्न रास्त होता. उत्तर गुडमन आणि क्रुस्कल या संख्याशास्त्रज्ञांच्या १९५४ च्या ‘लॅम्डा’ या मापात मिळालं. वय न विचारता पसंती ओळखायला गेलो, तर १०० पैकी ५० अंदाज चुकतील. वय कळलं तर ३०च. चुका ४० टक्क्यांनी घटल्या, ही घट म्हणजेच लॅम्डा. इथे लॅम्डाही ०.४ आला, हा आकड्यांचा योग. नेहमी तसं होत नाही.

आजीला हे पटलं. ‘पण ते ३० जण कोण?’

‘आजी, समजा म्हटलंय मी.’