मालेगावात फक्त माग आणि दंगली?

‘मालेगावात यंत्रमाग आणि दंगली, संस्कृती कसली शोधता?’ हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते चुकीचं आहे. त्यामुळे एका जिवंत शहरावर अन्याय होतो.

मोसम नदीकाठचा भुईकोट किल्ला नारोशंकर राजेबहादूरांनी १८व्या शतकात बांधला आणि १८१८मध्ये इंग्रजांना तो वेढा घालूनच घ्यावा लागला. १८५७नंतर उत्तरेतले विणकर इथे येऊन स्थिरावले. त्यांनी हातमागाबरोबर उर्दूही आणली. मुशायरा ऐकायला मागावरचा कामगार जागतो, चांगल्या शेराला दाद देतो. वाचनाची आणि शायरीची अशी ओढ मोठमोठ्या शहरांनी हेवा करावा अशी आहे.

सिनेमाबद्दलचा गैरसमज मला जास्त खुपतो. ‘मालेगाव के शोले’ म्हणजे नुसती नक्कल, असं म्हणतात. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २०००च्या सुमारास तो बनवला, स्थानिक कलाकार आणि साधा व्हिडिओ कॅमेरा घेऊन. क्रेन नव्हती, तर बैलगाडी वापरली. हे विडंबन आहे, आणि त्यात गावचेच प्रश्न येतात. पुढे त्यांच्याच सुपरमॅनवरच्या विडंबनपटात सुपरमॅनची भूमिका केली ती यंत्रमागावर राबणाऱ्या शफिक शेखने. त्या धडपडीवर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला, आणि २०२४मध्ये याच विषयावरचा रीमा कागती यांचा चित्रपट टोरांटो महोत्सवात दाखवला गेला.

दंगली आणि स्फोट घडले, ते नाकारायचं कारण नाही. पण शुक्रवारी माग बंद ठेवून सिनेमाला गर्दी करणारं मालेगावही तितकंच खरं आहे, आणि राज्याच्या सांस्कृतिक नकाशावर त्याला जागा मिळायलाच हवी.