एक्स्ट्रा हेल्प : अमेरिकेतली ज्येष्ठांच्या औषधखर्चाची सवलत

एक्स्ट्रा हेल्प ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची योजना आहे, मेडिकेअर (ज्येष्ठांचा आणि काही अपंगांचा सरकारी आरोग्य विमा) असलेल्या पण उत्पन्न कमी असलेल्या लोकांना डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांचा खर्च झेपावा म्हणून. कागदोपत्री नाव लो इन्कम सबसिडी, पण बोलताना सगळे एक्स्ट्रा हेल्पच म्हणतात. लाभार्थी बहुतेक ६५ च्या पुढचे, शिवाय अपंगत्वामुळे आधीच मेडिकेअर मिळालेलेही.

मेडिकेअर १९६५ च्या कायद्याने आलं तेव्हा त्यात हॉस्पिटल होतं, डॉक्टरची फी होती, पण घरी घ्यायच्या गोळ्या जवळपास नव्हत्याच, आणि म्हातारपणी खरा महिन्याचा खर्च तर बीपी-शुगरच्या गोळ्यांचाच असतो. ही भोकं बुजवायला २००३ उजाडलं, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी २००६ पासून पार्ट डी हा औषधांचा विमा सुरू झाला, त्याच्याच जोडीला एक्स्ट्रा हेल्प. आता यात गोम अशी की विमा विकतात प्रायव्हेट कंपन्या, नियम मेडिकेअरचे, आणि एक्स्ट्रा हेल्पचा अर्ज घेतं सोशल सिक्युरिटी हे पेन्शनचं सरकारी खातं, म्हणजे काही अडलं की नेमकं कुणाला फोन करायचा हेच आधी शोधावं लागतं.

मिळतं काय ते मात्र भरघोस आहे. २०२५ चे आकडे बघा : साध्या पार्ट डी प्लॅनमध्ये आधी ५९० डॉलरपर्यंत डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधीचा खर्च, स्वतः भरा, मग औषधाच्या किमतीतला साधारण २५ टक्के वाटा, आणि वर्षाला खिशातून २,००० डॉलर गेले की पुढे शून्य. एक्स्ट्रा हेल्पवाल्याला डिडक्टिबल नाही, जेनेरिक औषधाला जास्तीत जास्त ४.९० डॉलर, ब्रँडेडला १२.१५, मेडिकेड हा गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमाही असेल तर बऱ्याच जणांना त्याहून कमी. प्रीमियम सरकार भरतं, पण त्या भागासाठी ठरलेल्या मर्यादेपर्यंतच, महागडा प्लॅन घेतला तर वरचे पैसे तुमचे. पार्ट डी उशिरा घेतल्याचा दंड एरवी जन्मभर प्रीमियमला चिकटतो, तोही इथे माफ.

पात्रतेला दोन चाळण्या आहेत, उत्पन्न आणि साठवलेला पैसा. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांपर्यंत चालतं, २०२५ मध्ये एकट्या माणसाला वर्षाला २३,४७५ डॉलर आणि नवरा-बायकोला ३१,७२५. यातही काही कमाई मोजत नाहीत, जसं की नोकरी करत असाल तर पगाराचा बराचसा भाग, म्हणून थोडं वर गेलंय म्हणून अर्जच न करणं हा शुद्ध वेडेपणा. बचतीची मर्यादा २०२५ मध्ये एकट्याला १७,६०० डॉलर आणि जोडप्याला ३५,१३० होती, यात अंत्यविधीसाठी राखलेले माणशी १,५०० डॉलर धरले होते. राहतं घर, गाडी, घरातलं सामान, आयुर्विमा यातलं काही मोजत नाहीत. बँकेतले पैसे, शेअर, म्युच्युअल फंड, रिटायरमेंट खातं आणि दुसरं घर किंवा जमीन मात्र मोजतात. मुलगा-मुलगी घरी ठेवून खायला घालतात, किराणा भरतात, ते २०१० पासून उत्पन्नात धरत नाहीत, आणि मुलांकडे राहणाऱ्या आईवडिलांसाठी ही फार मोठी सोय आहे.

ही बचतीची चाळणी मला तरी अन्यायी वाटते. ज्याने आयुष्यभर काटकसर करून चार पैसे बाजूला टाकले तो बाहेर, आणि ज्याचं लाखोंचं राहतं घर आहे पण बँकेत काही नाही तो आत. शिवाय बँकेचे आकडे लिहायचे म्हटलं की बरेच जण बिचकतात आणि फॉर्म तसाच पडून राहतो, पात्र असूनही योजनेत नसलेले लोक लाखांच्या घरात आहेत.

२०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन अॅक्टने मोठा बदल केला. आधी दारिद्र्यरेषेच्या १३५ ते १५० टक्क्यांमधल्यांना अर्धवट मदत मिळायची, प्रीमियमला ७५, ५० किंवा २५ टक्के सूट, पायरी-पायरीने उतरणारी, तर १ जानेवारी २०२४ पासून त्या सगळ्यांना पूर्ण लाभ. चांगलंच झालं, पण आता मधल्या पायऱ्या गेल्यामुळे मर्यादा थोडीशी ओलांडली तरी एकदम सगळंच जातं, पार्ट डीमध्ये खिशातल्या खर्चाला वर्षाची मर्यादा असल्यामुळे धक्का थोडा कमी बसतो इतकंच.

मेडिकेड, एसएसआय (गरीब ज्येष्ठ आणि अपंगांना मिळणारी महिन्याची सरकारी रक्कम) किंवा मेडिकेअरचा प्रीमियम भरायला मदत करणारी राज्याची मेडिकेअर सेव्हिंग्स योजना असेल तर अर्ज करावाच लागत नाही, आपोआप मिळतं, आणि जांभळ्या कागदावर पत्र येतं. करड्या कागदावरचं पत्र आलं तर समजायचं की पुढच्या वर्षी आपोआप मिळणार नाही, तेव्हा लगेच स्वतः अर्ज करायचा. निळं पत्र म्हणजे तुम्हाला दुसऱ्या प्लॅनमध्ये टाकतायत, ते आलं की आपली औषधं नव्या यादीत आहेत का हे आधी तपासावं. फॉर्म भरायला प्रत्येक राज्यात शिप नावाचे फुकट सल्लागार असतात.

पोर्टो रिकोसारख्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या पण राज्य नसलेल्या बेटांवरच्या रहिवाशांना मात्र एक्स्ट्रा हेल्प मिळतच नाही, तिथल्या सरकारांना वेगळं अनुदान जातं. काही राज्यांच्या स्वतःच्याही योजना आहेत, न्यू जर्सीची पाड, न्यू यॉर्कची एपिक, आणि पेनसिल्व्हेनियाची पेस, जिचा पैसा चक्क लॉटरीतून येतो.