उताऱ्याच्या तीन प्रती

पावसाळ्यात खानापूरला लाइट दिवसातून किती वेळा जाते हे मोजायच्या भानगडीत कोणी पडत नाही. माझ्या मामेभावाचं तिथं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळं लाइट गेली की कॉम्प्युटर बंद, आली की पुन्हा पहिल्यापासून. काउंटरवर निथळत्या छत्र्या घेऊन माणसं उभी, कुणाला शेताचा उतारा हवा, कुणाला आधारची प्रिंट, आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. "दादा, ह्ये काय करूलालंय बघ की जरा," असा त्याचा फोन आला.

त्या जुन्या मशीनवर विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम मीच टाकून दिली होती, तेव्हा जबाबदारीही माझीच. सुरू होताना कोणी किती वेळ खाल्ला हे सांगणारी एक आज्ञा त्यात आहे, 'सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम'. यादीत सगळ्यात वर होती 'नेट येईपर्यंत थांबा' एवढंच काम करणारी सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागं चालणारा प्रोग्रॅम. पावसानं नेट बंद, म्हणून ही बया जवळजवळ मिनिटभर वाट बघत बसायची. (या यादीत वर दिसणारा दरवेळी गुन्हेगार असतोच असं नाही. बरीच कामं एकाच वेळी चालू असतात. इथं मात्र होता.)

छपाई, घड्याळ जुळवणं, ब्लूटूथ, मशीनमध्ये काय घडलं त्याची नोंदवही लिहिणं अशी कामं करणारे डझनावारी प्रोग्रॅम पडद्यामागं चालतात. युनिक्सवाले (युनिक्स म्हणजे लिनक्सची पूर्वज सिस्टीम) त्यांना 'डीमन' म्हणतात. हे नाव भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या कल्पनेतल्या, रेणू निवडत बसणाऱ्या राक्षसावरून आलेलं. प्रश्न एवढाच, की या राक्षसांना सकाळीच उठवून ठेवायचं की काम आल्यावर हाक मारायची? बेळगावात कुंदा काचेच्या कपाटात तयार असतो. मांड्यांची मात्र ऑर्डर द्यावी लागते. दोन्हींचा धंदा चालतो.

जुनी पद्धत सगळ्यांना उठवायची, तीही एकामागोमाग एक. आधी नोंदवही, मग नेटवर्क, मग डेटाबेस, मग त्यावर विसंबलेला वेब सर्व्हर. क्रम चुकला की नंतरचा कोसळायचा, म्हणून फाइलींच्या नावातच आकडे घालून क्रम ठरवलेला असे. एक अडला की मागची सगळी रांग अडली.

हाक मारायची कल्पनाही काही नवी नाही. १९८६च्या ४.३ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत 'आयनेटडी' नावाचा डीमन आला. नेटवर्कवरून मागण्या येतात त्या सगळ्या दारांवर हा एकटाच कान लावून बसायचा. कोणी एफटीपीचं (फाइली पाठवायचं) दार ठोठावलं की एफटीपीवाल्याला उठवायचा, टेलनेटचं (दुरून लॉगिन करायचं) ठोठावलं की टेलनेटवाल्याला. मेमरी महाग होती तेव्हा हे सोन्यासारखं होतं. पण दर पाहुण्यामागं नवा प्रोग्रॅम उठवायचा, म्हणजे गर्दीत दमछाक. दुरून सुरक्षितपणे लॉगिन करायच्या 'एसएसएच'ला तर सुरू होताच गुप्त किल्ली तयार करावी लागे. सहसा तो आयनेटडीकडून चालवत नाहीत, कारण उत्तर द्यायला दहा-दहा सेकंदांच्या पटीत वेळ लागू शकतो, असं त्याच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं होतं.

खरी गंमत पुढं झाली. ॲपलनं २००५ साली आपल्या मॅक कॉम्प्युटरांच्या मॅक ओएस टेन टायगर या सिस्टीममध्ये बाकीच्या डीमनांना उठवणारा 'लाँचडी' आणला आणि २०१० साली लेनार्ट पोटरिंग व के सीव्हर्स यांनी लिनक्ससाठी 'सिस्टमडी'. त्यांनी दार आणि दारामागचा कामकरी यांची फारकत केली. सुरुवातीलाच सगळी दारं, म्हणजे सॉकेट, उघडून ठेवायची आणि मग सगळ्यांना एकदम उठवायचं. वेब सर्व्हरला नोंदवहीत काही लिहायचं आहे, पण नोंदवहीवाला अजून डोळे चोळतोय? बिघडत नाही. दार उघडं आहे, निरोप कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, रांगेत पडून राहील आणि तो उठला की वाचेल. शटर उघडून गल्ल्यावर पोरगा बसवला की तो ऑर्डरी लिहून घेतो. आचारी मागून आला तरी चालतं. कोण आधी, कोण नंतर हे कागदावर लिहून ठेवायची गरजच बरीचशी संपली. ज्याला थांबणं भाग आहे तोच थांबतो आणि तेही लागेल तेवढंच.

रांगेला मर्यादा असते अर्थात. लिनक्समध्ये जोडणी मागणाऱ्यांची कमाल रांग मूळ सेटिंगप्रमाणे बरीच वर्षं १२८ची होती, २०१९मध्ये कर्नलच्या ५.४ आवृत्तीपासून ती ४०९६ झाली.

ही सोय एकदा झाली की काही जणांना न उठवताही भागतं. उबुंटूनं २०२२मध्ये एसएसएचलाही याच वळणावर नेलं. कोणी लॉगिन करीपर्यंत तो झोपलेला, मेमरीत तीनेक एमबीची बचत. विंडोज ७नं २००९ साली अमुक घडलं तरच सुरू होणाऱ्या सर्व्हिसेस आणल्या, ती याचीच चुलत बहीण. मात्र नेटवरून येणाऱ्या घुसखोरांना अडवणाऱ्या फायरवॉलला झोपवून चालत नाही. चोर येऊन गेल्यावर गुरखा उठवण्यासारखं ते.

मामेभावाच्या मशीनवर मी नेटची वाट बघणं बंद केलं, ब्लूटूथ काढून टाकलं आणि छपाई हौसेनं 'मागणी आल्यावर'वर ठेवली. मशीन झपकन सुरू व्हायला लागलं. मी खूश.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. लाइट आल्यावर पहिल्याच गिऱ्हाइकाच्या उताऱ्याला त्यानं प्रिंट दिली, काही हलेना. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. आणि मग सगळं एकदम हललं नि तीन प्रती बाहेर आल्या. छपाईवाला जागा होईपर्यंत तिन्ही मागण्या रांगेत मुकाट उभ्या होत्या, एकही हरवली नव्हती. मला त्याचं कौतुक वाटलं; त्याला दोन कागद वाया गेल्याचं वाईट. दिवसभर छपाईवरच चालणाऱ्या दुकानात छपाईवाल्याला झोपवलं, ही चूक माझीच. त्याच रात्री फोनवर एकेक अक्षर सांगून ती सर्व्हिस परत मशीनबरोबरच सुरू होईल अशी करून घेतली.